व्हिडिओ कॅसेट अडगळ नाही, मशीन चालतंय तोवर उतरवून घ्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ कॅसेटवर जो लेख आला तो आमच्या घरात मोठ्यानं वाचला गेला, फोटो तर झकासच होता, पण मध्येच एक वाक्य असं आलं की सीडीचं चित्र जास्त चांगलं होतं म्हणून कॅसेट मागं पडली, आणि तिथं माझा चहा तसाच राहिला. असं नव्हतं हो. मी १९८७ पासनं बारा वर्षं सोलापुरात कन्ना चौकाच्या मागं आमच्या काकाच्या व्हिडिओ लायब्ररीत बसलोय, आधी शाळा सुटल्यावर आणि नंतर पूर्णवेळ, त्यामुळं कॅसेट कशानं आली आणि कशानं गेली ते काउंटरवरनं बघितलंय. म्हणून म्हणलं लिहावं. जागा कमी असेल तर मधलं काहीही कापा पण शेवटचा भाग ठेवा, खरं काम तिथं आहे.

पहिली गोष्ट, त्या बारा वर्षांत चित्र कसं आहे म्हणून विचारणारं गिऱ्हाईक मी बोटावर मोजण्याइतकं बघितलं. लोक विचारायचे, पिक्चर पूर्ण आहे का, गाणी कापली नाहीत ना, आणि उद्या दुपारपर्यंत ठेवली तर चालेल का. "मास्टर प्रिंट आहे" असं काका सगळ्याच कॅसेटला म्हणायचा, अगदी थेटरात कॅमेरा लावून काढलेल्या कॅमेरा प्रिंटला पण, त्यात पुढच्या रांगेतला माणूस उठून मुतायला जाताना दिसायचा तरी लोक घेऊन जायचे. सगळं कायद्यात बसत होतं असं मी म्हणणार नाही, आता काका नाही त्यामुळं लिहायला हरकत नाही.

बेटामॅक्स आणि व्हीएचएस या दोन तऱ्हेच्या कॅसेटची भांडणं तुमच्या लेखात दोन ओळीत उरकली, पण सगळ्याचं मूळ तिथंच आहे. सोनीनं बेटामॅक्स १९७५ ला काढलं, जेव्हीसीनं व्हीएचएस १९७६ ला. बेटाचं चित्र थोडं उजवं होतं असं जाणकार आजही सांगतात, पण सुरवातीच्या बेटा कॅसेटवर तासभरच मावायचं आणि व्हीएचएसवर दोन तास. आपल्याकडं येईपर्यंत तर ई-१८० कॅसेट आली, तीन तासाची, म्हणजे आपला हिंदी पिक्चर मध्यंतरासकट एका डबीत. सोनीनं पुढं बेटाची लांबी वाढवली पण तोवर गाडी सुटली होती. साखर पेठेत आमच्या वळखीतल्या एका घरात मेहुण्यानं दुबईहनं बेटाचं मशीन आणलं होतं, चांदीसारखं चकाकायचं, सगळी गल्ली बघायला जायची, आणि त्या घरातला पोरगा आठवड्यातनं एकदा आमच्या दुकानात येऊन विचारायचा बेटाची एखादी कॅसेट आली का. कुठनं येणार? शेवटी त्यांनी ते विकलं आणि फुनाई कंपनीचा व्हीसीपी (नुसती कॅसेट दाखवणारं, रेकॉर्डिंग नसलेलं मशीन) घेतला. आपल्याकडं मशीन घेताना लोक कंपनीपेक्षा शेजाऱ्याकडं काय आहे ते बघायचे, कारण कॅसेटची अदलाबदल शेजाऱ्याशी असायची. १९८८ ला सोनीनं स्वतःच व्हीएचएसची मशीनं काढायला घेतली, म्हणजे हरलो म्हणून कबूलच केलं की ओ. तरी बेटाच्या कोऱ्या कॅसेट जपानात २०१६ च्या मार्चपर्यंत बनत होत्या. आमच्या त्या साखर पेठेच्या पोराला हे कळलं असतं तर तो रडला असता.

तेव्हा व्हीसीआर विकत घेणारे थोडे, भाड्यानं नेणारेच जास्त. टीव्ही, व्हीसीपी आणि तीन कॅसेट असा रात्रीचा सेट असायचा, हातगाडीवर घालून मी पोचवायचो, जोडून द्यायचो, चॅनेल ट्यून करून द्यायचो आणि सकाळी सातला परत आणायला जायचो तेव्हा घरात चाळीस माणसं आडवीतिडवी झोपलेली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेली माणसं तिसरा पिक्चर बघायला सकाळी बसायची आणि मला म्हणायची, थांब की लका अर्धा तास, क्लायमॅक्स चाललाय. शहराच्या पूर्व भागात तेलुगू कॅसेटला मागणी हिंदीपेक्षा जास्त. हैदराबादहनं माल यायचा, आणि तिकडं नवीन पिक्चर लागला की आमच्याकडं तेलुगू विणकरांच्या घरच्या पद्मशाली आज्ज्यांच्या चकरा सुरू, त्यांना नटाचं नाव माहीत, दिग्दर्शकाचं माहीत, फक्त आमचं उधारीचं खातं माहीत नसायचं. गणपतीत मंडळापुढं टीव्ही, पुण्यामुंबईला जायला व्हिडिओ कोच, सगळीकडं तीच काळी डबी.

त्या डबीत काय असतं हे आमच्या विणकरांच्या गावाला तरी समजावून सांगायला अवघड जाऊ नये. अर्धा इंच रुंदीची पट्टी, ई-१८० मध्ये साधारण अडीचशे मीटरच्या वर. तिच्यावर लोहाच्या ऑक्साईडचा लेप. मशीनच्या आत तिरकं बसवलेलं एक ढोलकं असतं, ते मिनिटाला दीड हजार फेरे मारतं आणि त्याच्यावरची हेडं पट्टीवर तिरक्या रेघा ओढत जातात, एका रेघेत अर्धी फ्रेम. ताणा सरळ पुढं सरकतोय आणि बाणा आडवा न जाता तिरका जातोय अशी कल्पना करा, झालं. आमच्या काकाचा मोठा भाऊ जेकार्ड मागावर चादरी काढायचा, त्यानं पहिल्यांदा मशीन उघडलेलं बघितलं तर म्हणला हे तर मागच आहे, फक्त कापड परत उसवतंय आणि परत विणतंय.

आता सीडी. व्हीसीडी, म्हणजे पिक्चरची सीडी, तिचं स्टँडर्ड १९९३ चं, पण सोलापुरात ती घराघरात शिरली १९९९-२००० च्या आसपास, चिनी प्लेअर स्वस्तात यायला लागल्यावर. तिचं चित्र असायचं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे जवळजवळ व्हीएचएसच्याच पातळीचं, आणि मारामारीचा सीन लागला किंवा पाऊस पडला की सगळ्या पडद्यावर चौकटी चौकटी. चांगली कॅसेट चांगल्या हेडावर लावली तर अशा सीनला ती व्हीसीडीपेक्षा डोळ्याला बरी वाटायची, हे मी शपथेवर सांगतो. वर एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटंच मावायची म्हणून पिक्चर दोन किंवा तीन सीड्यांत, आणि ऐन रंगात आल्यावर उठून सीडी बदलायची आणि दुसरी सीडी नेमकी अडकणार. बेटाला ज्या लांबीनं मारलं तीच खोड घेऊन व्हीसीडी आली आणि तरी जिंकली! तुमच्या लेखकाचं गणित इथं चुकलं.

जिंकली ती कॉपीमुळं. कॅसेटची कॉपी करायची तर दोन मशीनं वायरनं जोडून तीन तासाच्या पिक्चरला तीन तास बसावं लागायचं. आणि कॉपीची कॉपी, तिची कॉपी असं तिसऱ्या पिढीपर्यंत गेलं की हिरॉईनची लिपस्टिक गालावर ओघळल्यासारखी, आवाजात सूंऽऽ. सीडी मात्र साच्यातनं काही सेकंदात छापून निघते आणि हजारावी पहिलीसारखीच. पार्सलला हलकी, कपाटात एका कॅसेटच्या जागेत दहा मावणार. रिवाइंड नाही. आमच्या दुकानात पाटी होती, 'रिवाइंड न करता आणल्यास १ रु. दंड', त्या एक रुपयावरनं जेवढी भांडणं झाली तेवढी उधारीवरनं पण झाली नाहीत, ती पाटी एका दिवसात बिनकामाची झाली. काकानं ती बरीच वर्षं काढली नाही, देवाच्या फोटोखाली तशीच.

डीव्हीडी जपानात १९९६ ला आली आणि तिचं चित्र खरोखरच चांगलं होतं, ४.७ जीबी, अख्खा पिक्चर एकीवर, वर आवाजाचे पाच पाच ट्रॅक. म्हणजे चांगल्या चित्रावर जर सगळं ठरत असतं तर डीव्हीडीनं व्हीसीडीला वर्षभरात झोपवायला पाहिजे होतं. झालं का? आपल्याकडं दोन्ही कितीतरी वर्षं शेजारी शेजारी विकल्या जात होत्या आणि आमच्या दुकानात व्हीसीडीच जास्त जायची, कारण प्लेअर तोच घरात होता आणि टीव्ही एकवीस इंची. त्यात डीव्हीडीला रीजनची, म्हणजे जगाच्या कुठल्या भागात चालणार याची भानगड. माझ्या चुलतभावानं अमेरिकेहनं हौसेनं डीव्ही­ड्या आणल्या, त्या तिकडच्या रीजन १ च्या आणि आपण रीजन ५ मध्ये, प्लेअर म्हणतोय चालणार नाही. चकती गोल, भोक तेवढंच, घरचा माणूस घेऊन आलाय, पैसे मोजून घेतलीय, तरी चालणार नाही! कॅसेटच्या काळात मशीननं असा नाही म्हणायचा आगाऊपणा केला नव्हता (अमेरिकेची कॅसेट इकडं नीट लागत नसे हे खरं, पण ते तिकडची टीव्हीची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल म्हणून, कुणी मुद्दाम कुलूप घातलं म्हणून नव्हे). मला वाटतं आज जे चाललंय त्याची सुरवात तिथनं झाली.

मग मोजरबेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ ला आणली. आमच्याकडं भाडं दहा रुपये होतं. माणूस हिशोब करणारच की, तीनदा भाडं भरण्यापेक्षा विकतच घेतो. तुमच्या लेखात लायब्ऱ्या केबलनं बुडाल्या असं आलंय. केबलनं जीव अर्धा केला हे खरं, केबलवाला रात्री स्वतःच व्हीसीपी लावून सगळ्या पेठेला फुकट पिक्चर दाखवायचा आणि कॅसेट आमच्याकडनंच न्यायचा, पण उरलेला जीव त्या २८ रुपयांनी घेतला. मी तोवर टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाला लागलो होतो. काकानं २००९ ला शटर ओढलं.

ब्लू-रेचं फार सांगण्यासारखं नाही. तिकडं तोशिबाची एचडी-डीव्हीडी आणि सोनीची ब्लू-रे अशी परत बेटासारखी कुस्ती लागली, २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबानं हात टेकले, यावेळी सोनी जिंकली. निळा लेसर, २५ जीबी वगैरे. सोलापुरात मी ब्लू-रे प्लेअर एका डॉक्टरांच्या घरी बघितला आणि त्यावर टीव्हीचा रिमोट ठेवलेला होता.

कारण तोवर आपल्याकडं कुठल्याच कंपनीनं न काढलेला एक फॉरमॅट चालू झाला होता ज्याचा उल्लेख तुमच्या लेखात नाही आणि बहुतेक कुठंच नसतो. नवी पेठेत मोबाईलच्या दुकानावर पाटी असायची, 'मेमरी कार्डमध्ये गाणी व पिक्चर भरून मिळतील'. भरून! पेट्रोल भरल्यासारखं. पोरगं विचारायचं किती जीबी आहे काका, कुठल्या भाषेत टाकू, आणि पाच मिनिटात पन्नास गाणी, चार पिक्चर आणि न मागितलेले तीन कॉमेडी व्हिडिओ. मग प्लेअरलाच पेन ड्राइव्हचं भोक आलं आणि चकतीची गरजच उरली नाही. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता, पण त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं ते बरोबर कळलं, आधार कार्ड घेऊन पहाटेपासून रांगा. त्या सहा-सात महिन्यांच्या फुकट डेटानं मेमरी कार्डवाला पोरगा पण घरी बसला. आता तो स्क्रीनगार्ड बसवतो.

इथवर सगळं ठीक आहे साहेब. तबकडी गेली, कॅसेट आली, सीडी आली, मला त्याचं रडगाणं गायचं नाही, दंडाचा तो एक रुपया मागायला मला काय हौस नव्हती. आणि घरबसल्या एवढं बघायला मिळतंय याची मला मजाच वाटते, कन्नड नाटकं पण बघतो हल्ली. पण एक फरक पडलाय. आजवर प्रत्येक वेळी जुनी वस्तू घरात राहायची आणि नवीन मशीनवर ती उतरवून घेता यायची. आमच्या वडलांच्या एलपीवरची भजनं आम्ही कॅसेटवर घेतली, कॅसेटवरनं सीडीवर, सीडीवरनं आता मोबाईलमध्ये आहेत, मध्ये कुणाची परवानगी नाही लागली. आता जे बघतो ते आपल्याकडं नसतंच. माझ्या एका तेलुगू मित्राच्या आईला एक जुना पिक्चर फार आवडतो, पोरानं मोबाईलवर लावून दिला, महिना दोन महिने म्हातारी रोज दुपारी थोडा थोडा बघायची, एक दिवस गायब. पैसे भरतोय, ॲप चालू आहे, पिक्चर नाही. करार संपला असणार, असंच असतं ते, करार ठराविक मुदतीचा. म्हातारीला करार कसा समजवायचा? ती म्हणते तुझ्या काकाच्या दुकानात होता की तो. होता. कॅसेट नंबर पण मला आठवतो.

आणि हे भाड्यानं बघणाऱ्यांचंच होतं असं नाही. २०२३ च्या डिसेंबरात सोनीनं आपल्या प्लेस्टेशन या गेमच्या मशीनवर कळवलं होतं की लोकांनी पैसे देऊन विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यातनं काढून टाकणार, कारण करार. बोंबाबोंब झाल्यावर नवा करार करून ते थांबवलं. पण विकत घेतलेलं दुकानदार परत काढून नेऊ शकतो हे आमच्या काकाला सांगितलं असतं तर त्यानं धंदा बंदच केला नसता! आमच्या कारखान्यात पण हेच बघतोय. चादरीच्या डिझाईनची जुनी पुठ्ठ्याची पंचकार्डं गोदामात दोरीनं बांधून पडलीत, उंदरानं कडा खाल्ल्यात, तरी जुन्या जेकार्डवर चढवली तर आज फूल उमटेल. नवीन डिझाईन कॉम्प्युटरच्या फाईलमध्ये, ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढली ते बंद पडलं की फाईल नुसती नावाला.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं वाचायला लावलं. पिक्चरचं काय, कुणीतरी कुठंतरी जपून ठेवतंच, पुण्यात १९६४ पासनं फिल्म अर्काइव्ह आहे. पण सोलापूरच्या घराघरात कपाटावर, माळ्यावर, दिवाणाखाली लग्नाच्या, बारशाच्या, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) ज्या कॅसेट पडल्यात त्यांची दुसरी प्रत जगात कुठंच नाही. आणि त्या चालवायचं मशीन आता बनत नाही. जगात शेवटचा व्हीसीआर २०१६ च्या जुलैत बनला आणि तो बनवणारी कंपनी कोण, तर फुनाई, आमच्या हातगाडीवरची! सोनीनं पण २०२५ च्या फेब्रुवारीत मिनी-डीव्ही (हातातल्या कॅमेऱ्याच्या छोट्या) कॅसेट आणि रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. म्हणजे जी मशीनं आहेत तीच, आणि त्यातली रोज थोडी मरतायत.

माझ्या बहिणीचं लग्न १९९१ चं. कॅसेट काढली तर वरनं ठीक दिसत होती. मशीन काढलं तर आतला बेल्ट वितळून डांबर झालेला, आपला एप्रिल-मे आणि पत्र्याची खोली, दुसरं काय होणार. जुन्या ओळखीतला एक मिस्त्री सापडला, आता सत्तरीला टेकलाय, त्यानं दुसऱ्या मशीनचा बेल्ट कापून बसवला, पट्टी ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर घासून घेतलं, स्पिरिटनं हेड पुसलं. पूर्वी लोक हेड पुसायला दहाची नोट वापरायचे, कृपा करून तसलं काही करू नका, त्यानं हेडाचा कपचा उडतो. लावली तर पहिली अकरा मिनिटं क्रिकेट! धाकट्या भावाचा उद्योग. कॅसेटच्या पाठीला डाव्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची खिळी असते, ती मोडली की वर रेकॉर्डिंग होत नाही, व्हिडिओवाल्यानं ती मोडूनच दिली होती पण आमच्या शहाण्यानं त्या भोकावर चिकटपट्टी लावून सामना घेतला. तो आता नाशिकला असतो, फोन करून शिव्या घातल्या तर म्हणला दादा पण सामना बघितला का, जाहिराती बघ त्यातल्या. आणि खरंच, आम्ही सगळे लग्न सोडून आधी त्या जाहिरातीच बघत बसलो.

लग्न सुरू झालं तर दुसरीच गंमत. तेव्हाचे व्हिडिओवाले मिक्सिंग करून द्यायचे, म्हणजे सगळ्यावर पिक्चरची गाणी, बदामात नवरानवरी, पानावर पान उलटतंय, आणि मूळ आवाज पुसलेला. आमची आज्जी अक्षता टाकून कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी चांगलं दहा सेकंद बोलते, हात करून बोलते, आणि वर गाणं चालू. काय बोलली ते कुणालाच आठवत नाही. आई म्हणते हॅलोजनचा दिवा डोळ्यात जातोय म्हणून शिव्या दिल्या असतील. तशी ती होतीच.

पण कॅसेट चालली, चौतीस वर्षांनी चालली. याउलट पुतणीच्या २००८ च्या लग्नाची डीव्हीडी, प्लास्टिकच्या फुलांच्या डबीत ठेवलेली, ती एकाही प्लेअरनं उचलली नाही. कंपनीतनं छापून येते ती चकती वेगळी आणि व्हिडिओवाला कॉम्प्युटरवर जाळून द्यायचा ती वेगळी, जाळलेल्या चकतीत रंगाचा थर असतो आणि उन्हानं उष्म्यानं तो फिका पडत जातो. म्हणजे ज्यांनी आधीच कॅसेटवरनं डीव्हीडी करून घेतली आणि कॅसेट भंगारात दिली त्यांनी आज रात्रीच ती डीव्हीडी लावून बघावी.

ज्यांच्याकडं कॅसेट आहे त्यांच्यासाठी थोडं अनुभवाचं. डबीच्या खिडकीतनं पट्टीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी, तसली कॅसेट चालू मशीनमध्ये घालू नका, हेड जातं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला पण लागण होते. बरी दिसली तर आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं करून घ्या, वर्षानुवर्षं पडून थर चिकटलेले असतात. खिळी शाबूत असेल तर आधी मोडा. मग व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायची छोटी यूएसबी पट्टी ऑनलाइन मिळते, तीन तासाच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही, आणि पाच-सहा जीबीची फाईल होते. ती दोन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या घरात. कॅसेट टाकू नका. बाहेर करून घेणार असाल तर समोर बसून करून घ्या, मला एकाकडनं दुसऱ्याच कुणाच्या मुंजीची फाईल मिळालेली आहे.

माझी विनंती एवढीच आहे की हि. ने. वाचनालयानं किंवा आपल्या विद्यापीठानं एका खोलीत दोन चालू व्हीसीआर, एक कॉम्प्युटर आणि शिकाऊ पोरं ठेवावीत, लोकांनी कॅसेट घेऊन यावं, फाईल घेऊन जावं, आणि ज्यांची हरकत नसेल त्यांच्या फाईलची एक प्रत तिथं राहावी. लग्नाच्या कॅसेट आहेत म्हणून हसू नका. त्या आज्जीच्या मागं आमच्या कॅसेटमध्ये गिरणीची चिमणी दिसते, सुटीचा भोंगा झाल्यावर सायकलींचा लोंढा दिसतो, होम मैदानावरचा गड्डा दिसतो, नऊवारीतल्या बायका तेलुगू-मराठी-कन्नड एका वाक्यात बोलताना दिसतात (ऐकू येत नाहीत, मिक्सिंग!). त्या काळात या गोष्टींचं शूटिंग करायला कुणी मुद्दाम आलं नव्हतं. मिस्त्री तयार आहे, मी विचारलंय, शिकवायला पण तयार आहे, फक्त त्याला जिना चढवत नाही म्हणून खोली तळमजल्यावर पाहिजे. माझ्याकडं दोन मशीनं आहेत, एक नीट चालतं आणि एक सुट्या भागांना उपयोगी पडेल, ती मी द्यायला तयार आहे. तुम्ही पेपरात एक चौकट छापली तर माळ्यावर पडलेली अजून दहा-वीस निघतील.

कळावे,
आपला एक वाचक,
जुना लायब्ररीवाला, साखर पेठ, सोलापूर

ता. क. काकाच्या वहीप्रमाणं आमच्या २२ कॅसेट अजून लोकांकडं आहेत, त्यातल्या १४ तेलुगू. म्हातारीचा तो पिक्चर पण त्यातच आहे, नंबर ३१६. ज्यांच्याकडं असेल त्यांनी आणून द्यावी, दंड माफ. रिवाइंड केलेली नसली तरी चालेल.